सायलीला फेटा कसा बांधायचा

"मास्तर, ही सायली कुठल्या गावची म्हणालासा?" अण्णांनी विचारलं.

त्यांच्या हातात कव्हरची डमी होती. डमी म्हणजे छापण्याआधी पुस्तक कसं दिसेल हे बघायला केलेली नमुन्याची प्रत. मागच्या कव्हरवर एका मुलीचं चित्र होतं. एसटीच्या थांब्यावर ती मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘वेट म्हणजे एसटी यायच्या आधी सगळे करतात ते. सायली, इयत्ता तिसरी.’

"मुरगूडच्या पलीकडे. लहान गाव आहे," मी म्हणालो.

"तिला आन तिच्या संगतीच्या चौदा पोरांना प्रकाशनाला बोलवायचं. समद्यांना फेटं बांधायचं."

"लांब पडेल, अण्णा. लहान मुलं आहेत."

"जीप धाडतो की. तुमी फकस्त शाळंच्या बाईंना फोन लावा."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? सायली नावाची मुलगी नव्हतीच. तिच्या संगतीची चौदा मुलंही नव्हती. ती पंधराच्या पंधरा मी कागलच्या एका हॉटेलात मिसळ खाता खाता तयार केली होती.

आमचं प्रकाशन लहान आहे. शाहूपुरीत खाली छपाईचं मशीन आणि वर दोन खोल्या. अण्णा मालक. वय सत्तरीला टेकलंय. ते बाईंडिंगच्या टेबलापासून वर आलेले, त्यामुळे कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी त्याची पाठ दाबून बघतात, मग उघडतात. मी त्यांच्याकडे चौदा वर्षं आहे. त्याआधी तिसरी-चौथीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचो. त्यामुळे सगळे मला मास्तर म्हणतात. लहान मुलांसाठी इंग्रजी शब्दांचे सोपे अर्थ लिहिणं हे माझं काम.

ऐकायला हे काम सोपं वाटतं. मोठ्यांच्या कोशात एक कठीण शब्द दुसऱ्या कठीण शब्दानं समजावला तरी चालून जातं. मुलांच्या पुस्तकात चालत नाही. ‘रिव्हर’ म्हणजे ‘सरिता’ असं लिहिलं तर पोरगं दोन शब्द पाठ करतं आणि नदी त्याला कुठेच भेटत नाही. अर्थ हा शब्दापेक्षा सोपा पाहिजे, एवढा एकच नियम. तो पाळताना घाम फुटतो.

नियम पाळला गेला की नाही हे बघायला आमच्याकडे उलटी ट्रायल असते. पाच मुलं समोर बसवायची. शब्द झाकायचा आणि फक्त अर्थ वाचून दाखवायचा. मुलांनी शब्द ओळखायचा. मराठीत सांगितला तरी चालतो. पाचांतल्या तिघांनी ओळखला तर अर्थ पास. नाही ओळखला तर मास्तर नापास, अर्थ पुन्हा लिहायचा. त्यानंतर त्यांना शब्द सांगायचा आणि तो त्यांच्या भाषेत समजावून द्यायला लावायचं. कधी कधी मुलाचं वाक्य आपल्यापेक्षा चांगलं निघतं, मग तेच घ्यायचं. सगळं फॉर्मवर उतरवायचं, मुलानं म्हटलं तसंच.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ट्रायल झालेल्या शाळांची नावं छापतात आणि वर एक ओळ असते, ‘यातला प्रत्येक अर्थ मुलांकडून तपासून घेतला आहे.’ अण्णांची सगळी पत त्या ओळीवर उभी आहे. शिक्षक ती ओळ बघून पुस्तक घेतात.

दुसरी रीत फेट्याची. पुस्तकाला ज्याचा हात लागला त्याला प्रकाशनाच्या दिवशी फेटा. चित्रकार, मशीनमन, बाईंडिंगच्या बायका, गठ्ठे पोचवणारा टेम्पोवाला, सगळ्यांना. ट्रायल देणाऱ्या मुलांना आजवर आम्ही पुस्तक आणि पेन्सिली पाठवत होतो. या वेळी सायलीचं वाक्य वाचून अण्णा वेडे झाले. भेटेल त्याला ते वाक्य ऐकवायचे. शेवटी म्हणाले, "ह्या पोरीचा हात लागलाय की पुस्तकाला. तिला फेटा न्हाय तर कुणाला?"

आता कागलचं सांगतो.

पुस्तक तीनशे शब्दांचं होतं. तीन शाळा, प्रत्येक शाळेला शंभर शब्द. पहिल्या दोन शाळा कोल्हापुरातल्या. तिथे मी रीतसर ट्रायल केली. तिसरी शाळा खेड्यातली पाहिजे असा अण्णांचा हट्ट. मुरगूडच्या पलीकडच्या गावातल्या शिंदे बाईंशी फोनवर बोलून दिवस ठरवला आणि त्या सकाळी मोटारसायकलवर निघालो. कागलला पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. मिसळ खायला थांबलो. मिसळ चांगली होती. दोनदा कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, मागून घेतला.

मला सबब सांगायची नाही. घरात कोणी आजारी नव्हतं. गाडी बिघडली नव्हती. पुढे पाऊण तासाचा रस्ता होता आणि मला कंटाळा आला, एवढंच. शिवाय घमेंड होती. इतकी वर्षं तिसरीतल्या मुलांत काढली, ती काय बोलणार हे मला ठाऊक आहे, असं वाटत होतं. मी बाईंना फोन करून तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं.

"मुलं वाट बघतायत, सर," बाई म्हणाल्या.

"पुढच्या आठवड्यात नक्की येतो."

तो पुढचा आठवडा आला नाही. पिशवीत कोरे फॉर्म होते. मी चहा मागवला आणि पहिल्या फॉर्मवर नाव लिहिलं, सायली. मग हात थांबेना. एक मुलगा लाजरा केला, एक वांड केला, एक सारखा क्रिकेटवर येणारा केला. खरं वाटावं म्हणून दहा अर्थ नापास केले. कुठले नापास करायचे तेही मीच निवडलं, अर्थातच जे मला आधीच बदलायचे होते ते. दुपारपर्यंत पंधरा मुलं तयार झाली. घरी जाताना मी खूश होतो. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्या खुशीची वाटते.

प्रकाशनाला दोन आठवडे उरले होते. पुस्तकाचे पहिले दोनशे शब्द छापून झाले होते. शेवटचे शंभर मंगळवारी मशीनवर चढायचे होते, कव्हर त्यानंतर. अण्णांना खरं सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती दुसरी होती. चौदा वर्षांत त्या माणसानं माझा एकही फॉर्म उलटून तपासला नव्हता.

शनिवारी सकाळी मी पुन्हा निघालो. या वेळी कागलला थांबलो नाही. डोक्यात एक बेत होता. बाईंना हात जोडायचे आणि पंधरा मुलं मागायची. त्यांतल्या एकीला एका दिवसापुरती सायली व्हायला सांगायचं. वाक्य पाठ करून घ्यायला दहा मिनिटं पुरतील.

शाळा दोन खोल्यांची. समोर पिंपळ आणि त्याच्या पलीकडे ऊस. शिंदे बाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या. पस्तिशीच्या असतील. फोनवर आवाज ऐकला होता, बघत पहिल्यांदाच होतो.

"या सर," त्या म्हणाल्या. "बरी झाली का तब्येत? तीन महिने झाले, काळजीच वाटत होती."

मी व्हरांड्यात त्यांना सगळं सांगितलं. कागल, मिसळ, फॉर्म, सायली, फेटे. त्या हातातल्या वह्या तपासत ऐकत होत्या. मध्ये एकदाही वर बघितलं नाही.

"म्हणजे तुम्हाला पंधरा मुलं उसनी पाहिजेत," शेवटी त्या म्हणाल्या.

"एका दिवसापुरती."

"आणि त्यातली एक सायली."

"नावाचं तेवढं जमवून घेता येईल, बाई."

त्यांनी वही मिटली. "सर, त्या दिवशी मुलांनी वर्ग दोनदा झाडला होता. आरोहीनं तुमच्यासाठी घरातनं बाटलीभर ताक आणलं होतं. खिचडी निवून गेली तरी पोरं फाटकातनं हलेनात. तुमचा फोन आल्यावर मी आत येऊन सांगितलं, सर आजारी आहेत. तर त्यातल्या एकानं तुमच्यासाठी जोतिबाला नारळ बोलला. त्याचा बाप तो फोडूनही आला."

मी फाटकाकडे बघितलं.

"मुलं उसनी मिळत नाहीत," बाई म्हणाल्या. "ट्रायल मिळंल. फॉर्म आणलेत का?"

फॉर्म आणले नव्हते. शंभर शब्दांची, मूळ अर्थांची यादी तेवढी पिशवीत होती.

"मग वहीच्या पानावर लिहा. पहिला गट पाठवते."

पाच मुलं येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली. मधोमध आरोही. लहानखुरी, दोन वेण्या, आणि कुस्तीला उतरल्यासारख्या बाह्या वर सरकवलेल्या.

"नारळ कुणी बोलला होता?" मी विचारलं.

एका मुलानं हात वर केला. त्याचं नाव समर्थ. "बरं वाटलं न्हवं?" त्यानं विचारलं.

"वाटलं," मी म्हणालो आणि यादी काढली.

पहिला शब्द ‘शॅडो’. मी अर्थ वाचला, "उजेड अडला की पडते ती काळी आकृती."

पाचही जणं विचारात पडली. समर्थ म्हणाला, "लाईट गेली की पडती ती?"

"लाईट गेली की काय पडतं?"

"आमची आजी," तो म्हणाला. "म्हागल्या खेपेला पडली हुती."

कोणीही सावली म्हणालं नाही. नापास. माझ्या फॉर्मवर पाचांनी ओळखली होती.

‘शेअर’. माझा अर्थ होता, ‘आपल्याजवळचं थोडं दुसऱ्याला देणे.’ एक मुलगी ताबडतोब म्हणाली, "डेअरीला दूध घालणं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. घरात थोडं ठेवायचं आणि बाकीचं डेअरीला. हिशेब बरोबर होता, शब्द मात्र हाती लागला नाही.

‘स्ट्रेंजर’. मी वाचलं, "ज्याची आपली ओळख नाही असा माणूस."

"पावणं," पाचही जणांनी एका सुरात सांगितलं.

"पावणं म्हणजे ओळखीचा की. घरी येतो, चहा घेतो."

"त्यो बी पावणंच."

"आणि रस्त्यावर कुणी अनोळखी भेटला तर त्याला काय म्हणता?"

"काय पावणं, कुठं चाललायसा?" आरोहीनं करून दाखवलं. खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या बाईंना हसू आवरेना. मी बावन्न वर्षं कोल्हापुरात काढली. रोज अनोळखी माणसाला पावणं म्हणतो. लिहायला बसलो की विसरतो.

आणि सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर होतं ‘म्हाईत न्हाय’. मुलं ते काही मान खाली घालून म्हणत नव्हती. अर्थ ऐकायची, एकमेकांकडे बघायची आणि निकाल द्यायची, "म्हाईत न्हाय. म्होरलं इचारा." वीस शब्द होईपर्यंत मी बारा वेळा ‘माहीत नाही’ लिहिलं होतं. आरोहीनं माझ्या वहीत डोकावून विचारलं, "सर, हे तुमीच लिवलंय का सगळं?"

"हो."

"आवघड लिवलंय," ती म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, माझ्यासाठी.

मग ‘वेट’ आला. "कोणी येईपर्यंत थांबून राहणे," मी वाचलं.

"वाट बघणं," आरोही म्हणाली. बाकीच्यांनीही ओळखलं. पास. मला जरा हुरूप आला.

"आता तुझ्या भाषेत सांग. वाट बघणं म्हणजे काय?"

तिनं बाईंकडे बघितलं.

"सांग की," बाई म्हणाल्या.

"तुमी येणार हुता आन आला न्हाईसा," आरोही म्हणाली. "तवा आमी केलं ते."

पोरं खदखदून हसली. बाई हसल्या नाहीत. मी खाली मान घालून ते वाक्य वहीत उतरवलं. मुलानं म्हटलं तसंच उतरवायचं, हा नियम मीच दुसऱ्यांना शिकवतो.

शनिवारची शाळा अकराला सुटते. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. दुसरा गट झाला, तिसरा झाला. एक वाजला. शंभरांतले एक्केचाळीस अर्थ पडले होते. त्यांत मी नापास केलेल्या दहांपैकी फक्त दोन होते. बाकीचे आठ मुलांनी बिनतक्रार ओळखले.

निघताना मुलांनी पिशवीतली डमी बघितली आणि हातोहात फिरवली. आरोहीनं मागचं कव्हर एकेक अक्षर लावून वाचलं.

"बाई, ही सायली कोण? आपल्या शाळेत न्हाय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मदतीला येणार नव्हत्या.

"सायली कुठेच नाही," मी म्हणालो. "मी त्या दिवशी आजारी नव्हतो. कंटाळा आला म्हणून आलो नाही. मग मनानंच मुलं तयार केली. सायली त्यातलीच. आता आमच्या मालकांना प्रकाशनाला तिला फेटा बांधायचाय."

समर्थ नारळाचा विचार करत असावा. आरोहीला मात्र वेगळीच अडचण दिसली.

"मग तिला फेटा कसा बांधणार?" तिनं विचारलं. "डोसकंच न्हाय की तिला."

बाई फाटकापर्यंत आल्या. "मी तुमच्या मालकांना फोन करणार नाही," त्या म्हणाल्या. "ते तुमचं तुम्ही बघा. पण आरोहीचं वाक्य आता आमच्या शाळेचं आहे. ते फाडू नका."

मी तिथून सरळ शाहूपुरीला आलो. दुपारची वेळ होती. मशीन बंद होतं आणि अण्णा खाली बाकावर भाजलेल्या शेंगा खात बसले होते. मी त्यांच्यासमोर दोन गठ्ठे ठेवले. एक कागलचा, छापील फॉर्मांचा. दुसरा वहीच्या पानांचा. आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. मिसळीसकट. दोनदा कट घेतल्याचंही सांगितलं, का कोण जाणे.

अण्णांनी शेंगा बाजूला सारल्या. चष्मा लावून आधी वहीची पानं वाचली. आजी पडली तिथे खांदे हलले. मग कागलचे फॉर्म घेतले, एकेक उलटत गेले. मला वाटलं आता गठ्ठा तोंडावर येणार.

"चौदा वरसांत किती सायल्या केल्यासा?" त्यांनी विचारलं.

"ही एकच. म्हणजे पंधरा. पण ह्याच पुस्तकात."

"आईच्यान?"

"आईच्यान."

कागलचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "ह्यात बघा. पंधरा पोरं, शंभर शब्द. एकाबी पोरानं ‘म्हाईत न्हाय’ म्हटलेलं न्हाय. येक बी न्हाय. असली पोरं कुठं असत्यात का? मी तवाच उलटून बघाय पायजे हुतं." त्यांनी चष्मा काढला. "मी त्या वाक्याला भुललो. माझी बी चूक हाय."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी चूक ते स्वतःच्या अंगावर घेत होते, आणि मला ती परत मागता येईना.

"राजीनामा लिहून देऊ का?" मी विचारलं.

"तुमी लिवलेलं आज काय वाचू वाटंना," अण्णा म्हणाले. "त्यापरास एक्केचाळीस अर्थ नवे लिवा. मंगळवारी मशीन लावू नका म्हणून सांगतो. आठ दिसांत त्याच शाळेत जाऊन, त्याच पोरांकडनं पास करून आणायचं. तारीख बदलायची न्हाय."

"आणि मागचं कव्हर?"

त्यांनी डमी हातात धरली. थांब्यावरच्या मुलीकडे बघितलं, मग वहीच्या पानाकडे. "चित्र ऱ्हाऊ द्या. पोरगी थांबलीयाच की. वाक्य तेवढं बदला. आरोहीचं टाका, जसंच्या तसं."

"अण्णा, त्यात मी येतो."

"व्हय," अण्णा म्हणाले. "आन येऊ नका म्हटलं कुणी?"

त्या आठ दिवसांत मी तीनदा त्या गावी गेलो. अर्थ घरी टेबलावर लिहिणं बंद केलं, पिंपळाखाली बसून लिहायला लागलो. सावलीचा अर्थ मुलांच्या मदतीनं असा झाला, ‘उन्हात उभं राहिलं की आपल्या पायाला चिकटून जमिनीवर दिसते ती.’ पाचांनी पाच ओळखलं. ‘शेअर’ला समर्थनं वाट दाखवली, ‘एक बिस्किट असलं तर अर्धं मोडून मित्राला देणं.’ एकदा आरोही ताक घेऊन आली. बाटली माझ्या हातात देऊन ती तिथंच उभी राहिली.

"काय गं?"

"प्या की. आज हायसा तवर पिऊन घ्या."

‘स्ट्रेंजर’ काही पास होईना. पाच वेळा अर्थ बदलला, पाचही वेळा उत्तर ‘पावणं’. शेवटी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "पोरं बराबर हाईत. तसंच छापा." पुस्तकात आता असं आहे, ‘आधी कधीच न भेटलेला माणूस. आपल्याकडे त्यालाही पावणं म्हणतात.’ त्या पानावरून सांगली-साताऱ्याच्या शिक्षकांचे फोन येतात. तक्रार कुणाची नसते, त्यांना नुसतं हसायचं असतं.

प्रकाशन ठरलेल्या रविवारीच झालं. जीपमधून पंधरा मुलं उतरली, मागून शिंदे बाई. फेटे बांधणारे काका मोठ्या डोक्यांची सवय असलेले. मुलांच्या डोक्याला फेटा बसेना. समर्थचा नाकापर्यंत यायचा, तो एका हातानं वर ढकलायचा आणि दुसऱ्या हातानं पेढा खायचा. आरोहीनं आपला फेटा दोनदा सोडवून पुन्हा बांधून घेतला. "ढिला ऱ्हातोय," तिनं काकांना समज दिली.

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. मला फेटा नको असं मी अण्णांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी नुसतं "बघू" म्हटलं होतं. चित्रकाराला बांधला. बाईंडिंगच्या बायकांना बांधला. बाईंना बांधला. मशीनमनला, टेम्पोवाल्याला बांधला. जीपच्या ड्रायव्हरलाही बांधला, त्यानं तर पुस्तक बघितलंसुद्धा नव्हतं.

"आजोबा," आरोहीनं स्टेजवरून अण्णांना विचारलं, "सरांना न्हाय का फेटा?"

"हाय की," अण्णा माईकवर म्हणाले. "पर त्ये तीन म्हैनं उशिरा आल्यात. त्यांना शेवटी. तवर त्यांनी काय करायचं?"

"वेट," पंधरा मुलं ओरडली.

सभागृहातल्या लोकांना वाटलं, इंग्रजीचा पाठ चाललाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी सगळ्यात शेवटी मला बांधला, उरलेल्या कापडाचा, म्हणून जरा तोकडा. मी तो घरी जाईपर्यंत काढला नाही.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. मागच्या कव्हरवर अजूनही थांब्यावर बसलेली ती मुलगी आहे आणि खाली आरोहीचं वाक्य. शिक्षक मला विचारतात, हे येणार होते आणि आले नाहीत ते सर कोण? मी सांगतो. पहिल्यांदा जड गेलं. आता सवय झाली आहे.

फॉर्म तेवढा बदलला. त्यात एक रकाना वाढवला, ‘माहीत नाही’ म्हणणारी मुलं किती. मुलाचं बरोबर उत्तर मनानं बनवता येतं. गोड चुकीचं उत्तरही बनवता येतं, मी बनवलंय. ‘माहीत नाही’ मात्र समोर मूल असल्याशिवाय सुचत नाही. आता कुणाचाही फॉर्म आला की अण्णा आधी तो रकाना बघतात. रिकामा दिसला की फॉर्म परत करतात आणि विचारतात, "मिसळ कुठं खाल्लीसा?"